काटे नसले तरी विषाणू उभाच: एम प्रथिनाची पार्श्वभूमी

कोरोनाकाळात नाशिककरांच्या तोंडी 'स्पाइक' (विषाणूवरच्या काट्यांचं प्रथिन) बसलं, आरटीपीसीआरच्या अहवालांमुळे 'ई जीन' (आवरणातल्याच ई प्रथिनाचं जनुक) हेही ओळखीचं झालं. विषाणूच्या आवरणात संख्येने सर्वांत जास्त असलेलं एम प्रथिन मात्र कुणाच्या बोलण्यात आलं नाही. १९६८ साली 'कोरोना' हे नाव पडलं तेही सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या काट्यांच्या झालरीवरूनच.

जुन्या निबंधांत एमला 'ई१' म्हटलेलं आढळतं. (आजच्या ई प्रथिनाशी गल्लत होते ती इथेच.) साधारण २२० ते २३० अमिनो आम्लांचं हे प्रथिन मेदपटलातून तीनदा आरपार जातं, आखूड टोक बाहेर, लांब शेपटी आत. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ते सुरुवातीपासून त्रासदायक. एसडीएस (प्रथिनांची घडी उलगडणारं साबणासारखं रसायन) घालून नमुना १०० अंशांना उकळला की एमचे गोळे होतात आणि पट्टी जेलच्या माथ्याशीच अडकते. न उकळता ३७ अंशांवर ठेवला तर ती जागेवर दिसते.

एमचं काम उलगडलं ते एकेक घटक वजा करून. १९८१ मध्ये उंदराच्या कोरोनाविषाणूवर ट्युनिकामायसिन (प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढू न देणारं औषध) वापरलं, तेव्हा पेशींतून बिनकाट्यांचे कण बाहेर पडले. संसर्ग करण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, पण कण तयार झाले होते. १९९६ मध्ये स्पाइक आणि एन (विषाणूच्या आरएनएला गुंडाळणारं प्रथिन) दोन्ही वगळले. एम आणि ई एवढ्यावर विषाणूसारखे पोकळ कण बनले. १९९८ मध्ये एमच्या शेपटीचं फक्त शेवटचं अमिनो आम्ल कापलं आणि कणांची बांधणी कोलमडली. त्या टोकाला टॅग (प्रथिन ओळखण्यासाठीची खूण) जोडण्याआधी दोनदा विचार करावा तो यासाठीच. मात्र उंदराच्या विषाणूचा नियम सरसकट लावता येत नाही: २००३ च्या सार्स विषाणूत कण नीट सुटायला एनचीही साथ लागते, असं २००८ मध्ये दिसलं.

विषाणूच्या आवरणाला गोल बाक येतो कसा, हे २०११ मध्ये स्पष्ट झालं. नाशिकच्या तांबट लेनमध्ये एका ठोक्याने हंडा होत नाही. शेजारी शेजारी पडलेल्या ठोक्यांनी पत्रा वळतो. एमच्या जोड्याही अशाच एकमेकींना लागून बसतात. त्यांची दोन रूपं आढळली: लांब रूप पटलाला ताठरपणा आणि ठरावीक बाक देतं, काटेही त्याच्याच आसपास दाटतात; आखूड रूपाजवळ पटल लवचीक राहतं, काटे विरळ.

२०२२ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन (गोठवलेले नमुने पाहणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाने सार्स-कोव्ह-२ च्या एमची जोडी उघड केली. तिची घडण निघाली त्याच विषाणूच्या ओआरएफ३ए प्रथिनासारखी.