माधापरच्या बायका आणि भुजची धावपट्टी (१९७१)

भुजला लागूनच माधापर नावाचं गाव आहे, तिथल्या साधारण ३०० बायकांनी १९७१ च्या भारत-पाक युद्धात भुजच्या एअरबेसची फुटलेली धावपट्टी ७२ तासांत दुरुस्त करून दिली, त्या कामाची ही नोंद. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि ८ तारखेला पाकिस्तानच्या सेबर विमानांनी भुजवर नापाम बॉम्ब (आग लावणारे बॉम्ब) टाकले. रनवेला खड्डे पडले, विमान उडणार कुठून? एअरबेसची जबाबदारी तेव्हा स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्याकडे होती, मूळचे नागपूरचे, म्हणजे आपलाच माणूस. हाताशी मजूर पुरेसे नव्हते, म्हणून माधापरला निरोप गेला आणि बायका निघाल्या, कोणी लहान पोर शेजारणीकडे ठेवून.

काम काय होतं, तर खड्डे बुजवायचे, वरचा थर घालायचा, सगळं हातानं. पण नवीन केलेला तुकडा वरून उठून दिसायचा, म्हणून त्यावर शेण सारवलं, आपल्याकडे अंगण सारवतात अगदी तसंच. रोज घरी हात बसलेलं काम इथे विमानांपासून लपायला उपयोगी पडलं, मला तर या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. साड्यासुद्धा हिरव्या नेसायला सांगितल्या होत्या, म्हणजे झुडपात मिसळून जाता येईल. भोंगा वाजला की हातातलं टाकून झुडपांत पळायचं, विमानं गेल्याचा भोंगा झाला की परत कामावर, आणि असं दिवसातून कितीदा तरी. पहिल्या दिवशी खायला काहीच नव्हतं, बायका उपाशीच झोपल्या, दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळं आणि मिठाई आली.

चौथ्या दिवशी त्याच पट्टीवरून विमान उडालं.

या बायका सैन्यातल्या नव्हत्या, ट्रेनिंग नाही की हातात हत्यार नाही, तरी जिथे पुन्हा बॉम्ब पडू शकतो अशा उघड्या मैदानात तीन दिवस राबल्या, त्यामुळे याला नुसती मजुरी म्हणणं मला पटत नाही. नंतर सरकारने ५० हजार रुपयांचं बक्षीस दिलं, त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, पण त्यांनी ती आपसात वाटून घेतली नाही, सगळी गावाच्या सभागृहाला दिली. माधापरमध्ये आता त्यांच्या नावाने वीरांगना स्मारक आहे.