चिठ्ठीत ज्यांचं नाव आलं नाही

बुखारेस्टमधल्या सहा बालगृहांतली १३६ मुलं. सगळ्यात धाकटं सहा महिन्यांचं, थोरलं अडीच वर्षांचं. २००० साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी या मुलांची तपासणी केली आणि मग चिठ्ठ्या टाकल्या. ६८ मुलांना प्रतिपालक कुटुंबं, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणारी कुटुंबं, मिळाली. उरलेली ६८ होती तिथेच राहिली. मुलाची बुद्धी वाढवता येते का, हे माणसांवरच तपासून पाहणारा इतका काटेकोर प्रयोग क्वचितच झाला असेल, आणि मनाला इतका लागणाराही.

त्या बालगृहांमागे एक हुकूम होता. लोकसंख्या वाढावी म्हणून रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू यानं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, संततिनियमनाची साधनंही मिळेनाशी केली. १९८९ मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील हयात होते. मुलांना अन्न मिळत होतं, अंगावर कपडे होते. मात्र एकेका आयाकडे इतकी मुलं असत की रडणाऱ्या बाळाला उचलून घ्यायला कुणी मोकळंच नसे. माणसाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत याच देवाणघेवाणीवर घडतो: बाळ आवाज करतं, कुणीतरी उत्तर देतं, आणि चेतापेशींमधले जोड पक्के होत जातात. उत्तर आलंच नाही, तर ते जोड राहून जातात.

निकाल स्पष्ट होता. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेत राहिलेल्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ७३ च्या आसपास, कुटुंबात गेलेल्यांचा ८१. बुखारेस्टमध्येच आपल्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९. वयाच्या दोन वर्षांच्या आत ज्यांना कुटुंब मिळालं त्यांची प्रगती सर्वांत चांगली होती. उशीर होत गेला तसा फायदाही घटत गेला. नियंत्रण गटातली, म्हणजे चिठ्ठीत संस्थेतच राहिलेली, कित्येक मुलं पुढे वेगवेगळ्या कारणांनी संस्थेबाहेर पडली, तरी गणित मांडताना त्यांना मूळ चिठ्ठीप्रमाणे संस्थेच्याच गटात धरलं. म्हणजे खरा फरक या आकड्यांत दिसतो त्याहून मोठाच असण्याची शक्यता आहे.

मुलाला कुटुंब हवं, हे सिद्ध करायला प्रयोग कशाला? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांवरचा मायकेल रटर यांचा अभ्यास आधीच प्रसिद्ध झाला होता. संशोधकांचं उत्तर असं: दत्तक घेताना धडधाकट मुलं निवडली जातात, त्यामुळे फरक कुटुंबाचा की निवडीचा हे कळत नाही, रुमानियातल्या अनेक अधिकाऱ्यांना संस्थाच बरी वाटत होती, बुखारेस्टमध्ये प्रतिपालक कुटुंबं जवळपास नव्हतीच, ती प्रकल्पानं उभी केली. कुणाही मुलाला होतं त्याहून वाईट स्थितीत ढकललं नाही. कुठल्या मुलाला घर मिळण्याची संधी आली, तर अभ्यासासाठी त्याला अडवायचं नाही, हाही नियम होता.

मला हे उत्तर पटतं, पण पूर्ण नाही. संमती दिली ती स्थानिक बालसंरक्षण आयोगांनी, म्हणजे मुलांना संस्थेत ठेवणाऱ्या व्यवस्थेनंच. आणि फरक दिसू लागला तेव्हा उरलेल्या ६८ जणांसाठी प्रकल्पाकडे कुटुंबं नव्हती. पुढे रुमानियात कायदा झाला, दोन वर्षांखालच्या मुलांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, संस्थेत ठेवायला २००५ पासून मनाई झाली. तोवर या मुलांची ती पहिली वर्षं सरून गेली होती.

हीच गोष्ट त्याआधी पापुआ न्यू गिनीत घडली होती. १९६६ मध्ये तिथल्या आयोडीनची कमतरता असलेल्या डोंगराळ भागात अर्ध्या कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, अर्ध्यांना मिठाच्या पाण्याचं. आयोडीन मिळालेल्या गटातल्या ४९८ मुलांमध्ये जन्मतः बुद्धी खुंटलेली ७ निघाली, दुसऱ्या गटातल्या ५३४ मध्ये २६. त्या ७ पैकी ६ जणांच्या आया इंजेक्शनच्या वेळी आधीच गरोदर होत्या. आयोडीन गर्भधारणेच्या आधी पोचायला हवं, हे त्यावरून उमगलं. आपल्या घरातल्या मिठात आज आयोडीन आहे, त्यामागच्या ज्ञानात त्या २६ मुलांचाही वाटा आहे.

या दोन्ही प्रयोगांना सावरून धरणारा मुद्दा एकच: मुलं आधीच वंचित होती, प्रयोगानं त्यांचं काही हिरावलं नाही. निरोगी मुलाची बुद्धी आणखी वाढवायला निघालं की हा आधार उरत नाही. १९९९ मध्ये प्रिन्स्टनमध्ये एनआर२बी हे जनुक वाढवलेले उंदीर तयार झाले. ते शिकायला तल्लख होते. दोन वर्षांनी कळलं की त्यांना दीर्घकाळच्या वेदनाही जास्त जाणवतात. मेंदूतली जनुकं एकेकटं काम करत नाहीत.

हे ज्ञात असूनही २०१८ मध्ये चीनमधल्या शेन्झेनचे संशोधक जियानकुई (आडनाव ‘हे’) यांनी मानवी भ्रूणांतलं सीसीआर५ हे जनुक बदललं आणि जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं. उद्देश एचआयव्हीपासून संरक्षणाचा सांगितला होता. पण हे जनुक निकामी केलेल्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारते, हे २०१६ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये जियानकुई यांना तीन वर्षांची कैद झाली, आणि तिसरं बाळही जन्मल्याचं तेव्हा स्पष्ट झालं.

प्रयोगातून कधीही बाहेर पडण्याचा हक्क १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेनं माणसाला दिला. बुखारेस्टच्या मुलांना मोठेपणी पुढच्या चाचण्यांना नाही म्हणता येत होतं. या तीन मुलांना चाचण्या नाकारता येतील, बदललेलं जनुक नाही. ते त्यांच्या अपत्यांतही उतरू शकतं. त्यांच्या मेंदूवर काय परिणाम झाला हे तपासणं म्हणजे तोच प्रयोग पुढे चालवणं आहे. ती परवानगी त्यांनी मोठं झाल्यावर स्वतः द्यायची आहे, आणि तोपर्यंत कुणीही ती गृहीत धरू नये.