शिकाकुगाई कात्सुदो क्योका (जपान : कौटुंबिक व्हिसावर अर्धवेळ कामाची परवानगी)

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या जोडीदाराला आणि मुलांना 'काझोकु ताईझाई' हा निवासाचा दर्जा मिळतो. आपल्याकडे त्याला सरसकट डिपेंडंट व्हिसा म्हणतात. या दर्जावर राहता येते, शिकता येते, पण कमावता येत नाही. कमवायचे असेल तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम १९ खाली वेगळी परवानगी काढावी लागते. तीच शिकाकुगाई कात्सुदो क्योका, म्हणजे दर्जाबाहेरील कामाची परवानगी. ब्रिटनमध्ये नोकरदाराच्या जोडीदाराला असे काही लागत नाही, त्यामुळे लंडनच्या नातेवाइकांचा सल्ला इथे कामाचा नाही. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात २००० सालाच्या आसपास भारतीय आयटी कुटुंबांची वस्ती वाढली. तिथे, आणि पुण्यात जपानी शिकून गेलेल्यांमध्ये, हा विषय नेहमी निघतो.

परवानगी मिळणे अवघड नसते. अर्ज एका पानाचा आणि शुल्क शून्य. पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड (निवास कार्ड) दाखवावे लागते. अर्ज आपल्या पत्त्याच्या हद्दीतल्या 'न्यूकान'मध्ये, म्हणजे इमिग्रेशन कार्यालयात द्यायचा. तोक्योचे मुख्य कार्यालय शिनागावा स्थानकाच्या कोनान बाजूला आहे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अर्ज विमानतळावरच देता येतो. कौटुंबिक दर्जावाल्यांना ती सोय नाही. निकालाला दोन आठवडे ते दोन महिने लागतात, म्हणून काम हाती येण्याची वाट न पाहता आधीच अर्ज टाकून ठेवणे शहाणपणाचे. सर्वसाधारण परवानगीसाठी (प्रकार पुढे दिले आहेत) मालक ठरलेला नसला तरी चालतो.

कार्डाच्या पुढच्या बाजूला 'शुरो फुका' (काम करण्यास मनाई) असे छापलेले असते आणि परवानगी मिळाल्यावरही ते तसेच राहते. परवानगी असते मागच्या बाजूला. वर पत्ताबदलाच्या ओळी, खाली डावीकडच्या चौकोनात शिक्का : आठवड्याला २८ तासांच्या आत, ठरावीक मनोरंजन व्यवसाय वगळून. दुकानदार पुढची बाजू पाहून नकार देऊ लागला तर कार्ड उलटून दाखवायचे. हे वगळलेले व्यवसाय म्हणजे पाचिंको (गोळ्यांच्या यंत्रावरचा जुगार), माजाँग या सोंगट्यांच्या खेळाचे अड्डे, गेम सेंटर, ग्राहकासोबत बसून दारू पाजणारे बार. तिथे नुसती भांडी घासणे किंवा झाडू मारणेही चालत नाही.

परवानगीचे दोन प्रकार आहेत. कोंबिनी (दिवसरात्र उघडे असणारे छोटे दुकान), हॉटेलची सफाई, डबे भरण्याचा कारखाना, इंग्रजी शिकवणीचा वर्ग अशा तासांवर मोजता येणाऱ्या नोकऱ्यांना सर्वसाधारण (होकात्सु) परवानगी पुरते. कंत्राटावरचे भाषांतर किंवा स्वतःचा धंदा यांत तास बाहेरून मोजता येत नाहीत, म्हणून त्या विशिष्ट कामापुरती स्वतंत्र (कोबेत्सु) परवानगी मागावी लागते. तिच्यासाठी करारपत्र, कामाचे स्वरूप आणि मोबदला दाखवावा लागतो. ॲपवरून जेवण पोचवणे हे पुष्कळांना नोकरीसारखे वाटते, पण करार कंत्राटाचा असेल तर ते याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

घोटाळा होतो तो २८ तासांच्या हिशेबात. ही महिन्याची सरासरी नव्हे. कोणत्याही वारापासून मोजलेल्या सलग सात दिवसांत बेरीज २८ च्या आत हवी. समजा एका आठवड्यात गुरुवार ते रविवार रोज सात तास काम केले आणि पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार सात-सात तास. सोमवार ते रविवार असे मोजले तर दोन्ही आठवडे बरोबर २८ चे. पण पहिल्या गुरुवारपासून बुधवारपर्यंत मोजा : ४९ तास. दोन ठिकाणची कामे असतील तर त्यांची बेरीज धरतात, जादा तासही त्यात आले. सुट्टीच्या काळात रोज आठ तासांची सवलत फक्त विद्यार्थ्यांना आहे. शाळेच्या सुट्टीत ती आपल्यालाही आहे असे समजून अनेकजणी अडकतात. मर्यादा मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात आधी फटका बसतो तो व्हिसाच्या नूतनीकरणाला. तास लपत नाहीत, कारण परदेशी माणूस कामावर घेतल्याची नोंद मालकाला 'हॅलो वर्क' या सरकारी रोजगार कार्यालयात करावी लागते आणि मिळकत करदाखल्यात दिसते.

शिवाय पूर्ण २८ तास भरणे परवडेलच असे नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तोक्योतला किमान ताशी दर १,१६३ येन होता. २८ तासांचे वर्षाला साधारण १६.९ लाख येन होतात. पण जोडीदाराच्या आरोग्य विम्यात राहण्याची वार्षिक मिळकतमर्यादा १३ लाख येन आहे, आणि तीत प्रवासभत्ताही मोजतात. ती ओलांडली की स्वतःचा विमा आणि राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता सुरू होतो. त्या वर्षी तो महिना १६,९८० येन होता. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनुसार ५१ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत तर आठवड्याला २० तास आणि महिना ८८,००० येन झाले की कंपनीचाच विमा लागू होतो. म्हणून पुष्कळजणी १९ तासांवर थांबतात. त्याला आणखी एक कारण आहे : हा दर्जाच 'जोडीदार पोसतो' या गृहीतावर दिलेला असतो.

पूर्णवेळ नोकरी हवी असेल तर दर्जाच बदलावा लागतो. पदवी आणि तिच्याशी जुळणारे काम असेल तर 'गिजिनकोकु' (अभियंता, मानव्यविद्या, आंतरराष्ट्रीय सेवा) मिळू शकतो. जोडीदाराकडे 'उच्चकुशल व्यावसायिक' दर्जा असेल तर ठरावीक क्षेत्रांत पदवीच्या अटीशिवायही पूर्णवेळ काम करता येते, मात्र त्यासाठीही वेगळा अर्ज लागतो आणि दोघांनी एकत्र राहणे बंधनकारक असते.

परवानगीची मुदत निवासाच्या मुदतीला बांधलेली असते. नूतनीकरणानंतर नवे कार्ड येते, आणि त्याची मागची बाजू कोरी असते. म्हणून नूतनीकरणाच्या अर्जासोबतच शिकाकुगाईचा कागदही त्याच खिडकीवर द्यायचा. तो राहून गेला तर नवा शिक्का मिळेपर्यंत दुकानातल्या पाळ्या सोडाव्या लागतात.