कंपनी बंद झाली म्हणजे खाडी साफ झाली?

कोकणात सावित्रीपासून दाभोळपर्यंत कुठल्याही खाडीकाठी सफाईची मागणी करा, एक वाक्य ठरलेलं, "अरे कंपनी बंद झाली ना, चार पावसाळे गेले की भरती-ओहोटी सगळं धुऊन नेईल." नाय नेत. कंपनीच्या सांडपाण्यातले पारा, शिसं, कॅडमियम हे जड धातू काय कुजत नाहीत, बारीक गाळाला चिकटून तळाशी बसतात, आणि पाऱ्याचं तर गाळातले जिवाणू मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात, ते मासळीत साठत जातं, मोठ्या माशात जास्तच. पाणी नितळ दिसतंय म्हणे! जपानात मिनामाताच्या खाडीत कारखान्याने पारा सोडणं १९६८ ला थांबवलं, तरी गाळाची सफाई १९७७ ते १९९० चालली. त्यामुळे नुसतं पाण्याचं सॅम्पल नको, गाळाचंही मागा, आणि उपसलेला गाळ टाकणार कुठे ते आधीच लेखी घ्या, नायतर कांदळवनात ओतून मोकळे होतील.