बागेतल्या चाळीस पायऱ्या: छोट्या सार्वजनिक जिन्याला पर्यावरणाच्या कोणत्या परवानग्या लागतात?

आमच्या बागेत खालच्या फाटकापासून वरच्या सपाटीपर्यंत एक उभी पायवाट आहे. डांबरी रस्ता मोठा वळसा घालून जातो, म्हणून लोकांनी चालून चालून पाडलेली. उन्हाळ्यात पायाखालून मुरूम निसटतो, पावसाळ्यात नुसता चिखल. एका जुलैत सकाळच्या ग्रुपमधल्या एक काकू घसरल्या, मनगट मोडलं आणि दुसऱ्याच दिवशी ठरलं की इथे पायऱ्या करून घ्यायच्या. लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, एवढ्याशा पायऱ्यांना कसली आलीय पर्यावरणाची परवानगी! दुसरे म्हणाले, टेकाडावर कुदळ मारायची तरी दिल्लीला विचारावं लागतं. दोन्ही तट चुकले होते, पण कुठे चुकले हे कळायला आम्हाला बरेच महिने लागले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. उदाहरण महाराष्ट्रातल्या महापालिका किंवा नगरपालिका हद्दीतल्या बागेचं धरलं आहे.

ज्याला ‘ईसी’ म्हणतात ती लागत नाही

पर्यावरण मंजुरी (ईसी, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल क्लिअरन्स) म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना येते. बांधकाम प्रकल्प त्यात येतात ते २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढे. आता आपला जिना मोजू. चढ सहा मीटर. पायरीची उंची १५ सेंटिमीटर धरली तर चाळीस पायऱ्या. तळवा, म्हणजे पायरीवर पाय ठेवायची जागा, ३० सेंटिमीटरचा, म्हणजे आडवी लांबी १२ मीटर. दर बारा पायऱ्यांनंतर विसाव्याला एक टप्पा, असे तीन. रुंदी दीड मीटर. सगळं मिळून पंचवीस चौरस मीटरही भरत नाही. ही मंजुरी देणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही.

गंमत अशी की इथेच बहुतेकांची चौकशी थांबते. ‘ईसी लागत नाही’ याचा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा लावला जातो आणि ठेकेदार जेसीबी घेऊन हजर होतो. खरी छाननी दोन साध्या प्रश्नांवर होते: जमीन कोणाची, आणि झाडं किती अंतरावर.

आधी जमिनीचा उतारा

बागेला महापालिकेची पाटी आहे म्हणून सगळी जमीन महापालिकेची, असं समजू नका. टेकडीला लागून असलेल्या बागांमध्ये तर कुंपण एकीकडे आणि हद्द दुसरीकडे, हे सर्रास दिसतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात सातबारा उतारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा आणि विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे त्याचा दाखला घ्या. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं, कारण चुकीच्या हद्दीत बांधलेल्या पायऱ्या पाडायचा खर्च बांधण्याहून जास्त होतो.

उताऱ्यावर वन विभागाचं नाव निघालं तर रस्ताच बदलतो. वनजमिनीवर बिगर-वन काम करायला १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची पूर्वपरवानगी लागते आणि तो प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवरून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशामुळे ‘वन’ या शब्दाचा अर्थही बराच रुंद झाला आहे. नागरिकांनी या वाटेला जाऊच नये, असं माझं मत. वन विभाग स्वतःच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात) एखादं काम धरतो तेव्हा ते सहसा बिगर-वन काम मोजलं जात नाही. २०२३ च्या दुरुस्तीने कार्य आयोजनेतल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींनाही या सवलतीत जागा दिली. म्हणून अशा ठिकाणी उपवनसंरक्षकांना निवेदन द्यायचं की हे काम तुमच्या आराखड्यात घ्या. आपण अर्जदार व्हायचं नाही, मागणीदार व्हायचं.

जवळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित (बांधकामाला परवानगी लागते असं) क्षेत्र असतं. पुण्यात पाताळेश्वर लेणं ऐन शहरात आहे, तेव्हा हे फक्त किल्ल्यांपुरतं नाही. कान्हेरीसारख्या ठिकाणी तर राष्ट्रीय उद्यान आणि संरक्षित स्मारक अशी दोन्ही बंधनं एकाच दगडावर येऊन बसतात. खाडीकाठची बाग असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा पाहा. शहराच्या वारसा यादीत बागेचं नाव असेल तर वारसा समिती. यातलं काही लागू नसेल तर ‘लागू नाही’ हे एका कागदावर लिहून उद्यान अधीक्षकांची सही घ्या. त्या कागदाची किंमत नंतर कळते.

आता झाडं

शहरी भागासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. शहराबाहेर १९६४ चा वेगळा वृक्षतोड कायदा आहे, त्यात इथे शिरत नाही. १९७५ च्या कायद्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या वाचून पाहा. झाड कापणं किंवा जाळणं तर त्यात आहेच, पण कोणत्याही रीतीने त्याला इजा करणं हेही आहे. म्हणजे ‘आम्ही एकही झाड तोडत नाही, फक्त मुळं जरा छाटतो’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने कबुलीजबाब आहे. जिन्याच्या कामात बुंध्यावर कुऱ्हाड क्वचितच पडते. घाव पडतो तो मुळांवर, आणि झाड मरतं दोन-तीन वर्षांनी, तोवर बिल निघून गेलेलं असतं.

आमच्या पहिल्या नकाशात एकही झाड नव्हतं. अभियंत्याने उतार मोजला, दोन रेषा ओढल्या, एस्टिमेट तयार. प्रत्यक्षात त्या दोन रेषांच्या आत आणि आसपास अकरा झाडं उभी होती. आम्ही एका रविवारी टेप, खडू आणि वही घेऊन गेलो. प्रत्येक झाडाला नंबर दिला, छातीच्या उंचीवर घेर मोजला, जात लिहिली (एका झाडावरून शिरीष की रेन ट्री असा वाद झाला, शेंग सापडली तेव्हा मिटला), बुंध्यापासून आखलेल्या पायरीपर्यंतचं अंतर घेतलं आणि फोटो काढले. ती अकरा टिंबं नकाशावर आल्यावर अभियंत्यानेच आपणहून जिना सरकवला. आठव्या नंबरच्या कडुनिंबापाशी एक वळण घातलं, आणि तोडायच्या झाडांची संख्या तीनवरून शून्यावर आली. एका मोठ्या फांदीची छाटणी तेवढी राहिली. एवढं सगळं झालं ते एकाही साहेबाची सही न होता. म्हणून सांगतो, अर्जाच्या आधी झाडांचा नकाशा करा.

नकाशा करताना हे धरून चाला: झाडाची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात बुंध्याभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं. तो एक मीटर कमीतकमी समजायचा. घेर मोठा असेल तिथे पायरी जमिनीत रुतवण्यापेक्षा दगड रचून वर उचललेली बरी, आणि खोदाई हातानेच.

झाड तोडायचंच असेल तर

अर्ज कोणी करायचा? खासगी जागेत जागामालकाने. महापालिकेच्या बागेत काम करणाऱ्या विभागाने, म्हणजे भवन किंवा प्रकल्प विभागाने, वृक्ष प्राधिकरणाकडे (याच कायद्याखाली झाडांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीकडे) अर्ज करायचा असतो. सरकारी अधिकाऱ्यालाही यातून सूट नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. नागरिकांचा गट इथे अर्जदार होऊ शकत नाही. त्याने क्षेत्रीय कार्यालयात कामाची मागणी द्यायची. पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत आहे, तिथूनही असं काम पुढे सरकतं. मात्र हरकत कोणीही घेऊ शकतो. त्यासाठी त्या प्रभागात राहायचीही गरज नाही.

कायद्याप्रमाणे अर्जासोबत तीन गोष्टी हव्यात: झाडाचं वर्णन, त्याची जागा दाखवणारा नकाशा आणि तोडण्याचं कारण. प्रत्यक्षात कार्यालय आणखी मागतं. आमच्या फाइलमध्ये शेवटी हे होतं: उतारा आणि आरक्षणाचा दाखला, झाडांच्या नंबरांसह जिन्याचा नकाशा, उभा छेद, प्रत्येक झाडाची यादी (जात, घेर, अंदाजे उंची, अवस्था, ठेवणार की छाटणार), प्रत्येकाचे दोन फोटो, कामाचं एस्टिमेट आणि आणखी कुठून जिना नेता येईल का याची दोन परिच्छेदांची टिपणी. ही शेवटची टिपणी कोणी मागत नाही. तरी जोडा. समितीत पहिला प्रश्न तोच येतो.

अर्ज गेल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जागेवर येऊन पाहणी करायची, स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यायची आणि ज्या झाडाबद्दल अर्ज आहे त्या झाडावर दिसेल अशी नोटीस लावायची. हरकतींची मुदत नोटिशीतच छापलेली असते, बहुधा सात दिवसांची. निर्णयासाठी अर्जाच्या तारखेपासून ६० दिवस आहेत. परवानगी मिळाली तरी पुढचे १५ दिवस झाडाला हात लावता येत नाही. आलेल्या हरकतीवर सुनावणी व्हावी लागते.

नोटीस कुठे लावली आहे हे स्वतः जाऊन बघा. माझ्या ओळखीतल्या एका बागेत ती भलत्याच झाडावर चिकटवली होती. जे आंब्याचं झाड कोणी तोडणार नव्हतं त्याच्यासाठी वीस लोक हरकती घेऊन गेले, आणि ज्या पांगाऱ्याबद्दल अर्ज होता त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. फोटो काढून ठेवा, त्यात तारीख येऊ द्या.

२०२१ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी कडक केल्या. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतं. आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची, त्यांचं जिओ-टॅगिंग करायचं आणि सात वर्षं जपायची. चाळीस पायऱ्यांसाठी पंचेचाळीस वर्षांचं एक झाड गेलं तर पंचेचाळीस रोपं लावून सात वर्षं सांभाळायची. हा हिशेब एस्टिमेटमध्ये लिहायला लावा. कितीतरी वेळा तेवढ्यानेच जिना दोन हात बाजूला सरकतो. विनापरवाना तोडाल तर प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरला जातो.

हरकत कशी लिहावी

‘झाडे वाचवा’ एवढ्यावर सुनावणीत काही होत नाही. नोटिशीचा क्रमांक, झाडाचा नंबर, आणि त्या झाडाबद्दल एकच मुद्दा: अंतर चुकीचं मोजलंय, वय कमी दाखवलंय, पर्याय तपासला नाही, झाडावर घरटं आहे. प्रत्येक झाडाला वेगळा परिच्छेद. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. पोच नसलेली हरकत म्हणजे चहाच्या टपरीवरची चर्चा. फाइल पाहायची असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदत त्याआधीच संपते. म्हणून आधी हरकत द्यायची, माहिती मागायची ती त्यानंतर.

एक अडचणीचा मुद्दा राहतो. पायऱ्या म्हटलं की व्हीलचेअर बाद. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि उताराचा सर्वसाधारण नियम एकास बारा. सहा मीटर चढायला ७२ मीटर उतार लागेल, विसाव्याचे टप्पे वेगळे. त्यासाठी जितकी खोदाई लागेल त्यात अकराच्या अकरा झाडं गेली असती. आम्ही जुन्या वळशाच्या रस्त्याची दुरुस्ती आणि त्याला कठडा, हे याच कामात धरायला लावलं. दोन्ही बाजूंनी कठडा पायऱ्यांनाही हवाच. वाद टोकाला नेणाऱ्यांनी याचा वापर एकमेकांना गप्प बसवायला केला, तो भाग सोडून देतो.

काम सुरू झाल्यावर

वर्क ऑर्डरमध्ये तीन ओळी घालून घ्या: झाडाजवळ यंत्र नाही, निघालेला मुरूम बुंध्याशी टाकायचा नाही, आणि जाड मूळ आडवं आलं तर काम थांबवून उद्यान विभागाला बोलवायचं. मुरमाची ओळ अनेकांना क्षुल्लक वाटते. बुंध्याभोवती फूटभर मातीचा ढीग दोन पावसाळे राहिला की मुळांची हवा बंद होते आणि साल कुजायला लागते.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जिन्यावर जा. पायऱ्यांचा ओढा झाला असेल, कडेची माती वाहून मुळं उघडी पडत असतील, तर त्याच दिवशी फोटोसह लेखी तक्रार द्या. वर्क ऑर्डरमध्ये दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तेवढ्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, नंतर पुन्हा मागणी, पुन्हा एस्टिमेट.