सात लाल टिकल्यांचा हिशेब

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे १९५४ सालचं चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. तेव्हापासून ‘चित्रांना तेजी आहे’ हे वाक्य कोल्हापुरातही कानावर पडतं. पण रंकाळ्याचं जलरंगातलं चित्र सहा हजारांना विकू पाहणाऱ्या चित्रकाराला या बातमीचा उपयोग शून्य. लिलावघर आधीच निवडून घेतलेली चित्रंच बोलीला काढतं, त्यामुळे तिथले आकडे बाजाराच्या एका चिंचोळ्या टोकाचे असतात. ‘आर्ट बेसल’ हा कलामेळा आणि ‘यूबीएस’ ही स्विस बँक यांच्या संग्राहक-पाहणीचंही तसंच आहे. पाहणी नेटकी असते, पण तीत प्रश्न विचारले जातात ते घरदार सोडून दहा लाख डॉलरहून जास्त मत्ता असणाऱ्यांना. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात रविवारी संध्याकाळी पोरांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाबद्दल ती काय सांगणार?

आबालाल रहमान शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते. आश्रयदाता समोर होता, त्याची आवड ठाऊक होती. आजचं गिऱ्हाईक विखुरलेलं आहे: शिरोलीचा कारखानदार, राजारामपुरीतले डॉक्टर, फ्लॅट सजवून देणारा इंटिरिअर डिझायनर, वडिलांच्या एकसष्टीला व्यक्तिचित्र करून घेणारा मुलगा. या मंडळींची माहिती गोळा करायची तर बहुतेक चित्रकार हात घालतात तो अभिप्राय वहीत.

अभिप्राय वही मापन म्हणून जवळजवळ निकामी आहे. तीत लिहितात ते मित्र, विद्यार्थी, इतर चित्रकार आणि पाहुणे. किंमत विचारून गुपचूप निघून गेलेला माणूस, म्हणजे ज्याच्याकडून सर्वांत जास्त शिकता आलं असतं तो, वहीत कुठेच नसतो. शिवाय ‘असं चित्र घ्यायला आवडेल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट आणि क्रेग गॅलेट यांनी २००१मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. नुसतं तोंडी विचारलं की लोक सांगतात ती रक्कम, खरोखर खिशात हात घालायला लावल्यावरच्या रकमेच्या सरासरी सुमारे तिप्पट निघाली. २००५मध्ये जेम्स मर्फी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात मध्यक प्रमाण (सगळी प्रमाणं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) १.३५ पटच आलं. फुगवटा किती हे प्रयोगागणिक बदलतं, फुगवटा असतो हे मात्र बहुतेक वेळा दिसतं. त्यावर एक स्वस्त उपाय १९९९मध्ये कमिंग्ज आणि टेलर यांनी तपासला होता: ‘लोक अशा प्रश्नांना उत्तर देताना जास्त रक्कम सांगतात’ हे आधीच सांगून मग विचारायचं. त्यांच्या प्रयोगांत फुगवटा बराच उतरला.

त्याहून चांगलं म्हणजे भविष्याबद्दल विचारूच नये, भूतकाळाबद्दल विचारावं. ‘घरात भिंतीवर शेवटची वस्तू कोणती लावलीत? कधी? कुठून आणली? कितीला? त्या वेळी घरात काय चाललं होतं?’ वास्तुशांत, निवृत्ती, नवा दवाखाना, मुलीचं लग्न अशी उत्तरं येतात आणि त्यातून जाहिरात केव्हा करायची हे कळतं. भिंतीची रुंदीही विचारावी. सोफ्याच्या लांबीच्या दोन-तृतीयांश रुंदीचं चित्र लावायचा सजावटकारांचा रिवाज आहे. म्हणजे सहा फुटी सोफ्यावर चार फुटांचं. तुमची सगळी चित्रं क्वार्टर इम्पिरियल, म्हणजे ११ बाय १५ इंचांची असतील तर दिवाणखान्याचं गिऱ्हाईक परत जाणारच, त्याचा रंगलेपनाशी संबंध नाही. हे प्रश्न घेणाऱ्यांना विचारावेत, तितकेच किंमत विचारून गेलेल्यांनाही.

आता मुख्य गोष्ट. दालन हीच प्रयोगशाळा करता येते, आणि त्यासाठी लागतात फक्त चिठ्ठ्या.

जुना वाद घ्या: चित्राखाली किंमत लावावी की लावू नये? समजा प्रदर्शनात एकाच मापाची, एकसारख्या माउंट-फ्रेमची, प्रत्येकी ₹६,०००ची ५० जलरंगचित्रं आहेत. २५ चित्रांखाली किंमत लावायची, उरलेल्या २५ची किंमत टेबलावरच्या यादीत ठेवायची. कोणती २५ हे मात्र स्वतः ठरवायचं नाही. माणूस नकळत चांगल्या चित्राला किंवा दाराजवळच्या चित्राला किंमत लावतो आणि मग फरक किमतीच्या चिठ्ठीचा की जागेचा हे कधीच कळत नाही. १ ते ५० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून पहिल्या २५ काढायच्या. पन्हाळा, पंचगंगा घाट, बैलगाडी, जे निघेल ते.

प्रदर्शन संपलं, सात चित्रांवर विकल्याच्या लाल टिकल्या लागल्या. पाच किंमत लावलेल्यांवर, दोन न लावलेल्यांवर. अडीचपट! बहुतेक जण इथेच निष्कर्ष काढून मोकळे होतात.

थांबा. किमतीच्या चिठ्ठीचा काडीचाही परिणाम होत नाही असं क्षणभर धरा. मग ती सात चित्रं कशीही विकली गेलीच असती, आणि त्यांतली किती ‘किंमत लावलेल्या’ ढिगात पडली हा निव्वळ डब्याचा खेळ. तो खेळ पुन्हा खेळून बघता येतो. ५० कोऱ्या चिठ्ठ्या घ्या, सातांवर लाल ठिपका काढा, घुसळा, २५-२५चे दोन ढीग करा, प्रत्येक ढिगात किती लाल ते लिहा. हे शंभर वेळा करा. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकात रुजवलेली कल्पना हीच.

घुसळायचा कंटाळा असेल तर अकरावीचं संचय-गणित काढा. ५० चित्रांतून ७ निवडायचे प्रकार ९,९८,८४,४००. त्यांतले, पाच एका ठरावीक ढिगात आणि दोन दुसऱ्यात असे प्रकार ५३,१३० गुणिले ३००, म्हणजे १,५९,३९,०००. सहा-एकचे ४४,२७,५०० आणि सात-शून्यचे ४,८०,७०० त्यात मिळवा. बेरीज २,०८,४७,२००. विषमता कोणत्याही बाजूला चालते, म्हणून दुप्पट: ४,१६,९४,४००. भागाकार केला की जवळपास ४२ टक्के. म्हणजे किमतीच्या चिठ्ठीचा काहीच परिणाम नसला तरी पाच-दोन किंवा त्याहून एकतर्फी वाटणी शंभरात ४२ वेळा नुसत्या योगायोगाने पडते. सहा-एक असती तर सुमारे १० वेळा, सात-शून्य असती तर सुमारे एकदा. पाच-दोनवर धंद्याचं धोरण बदलणं म्हणजे नाणं उडवून बदलण्यासारखं आहे.

इथे एक घोटाळा फार होतो. ‘४२ टक्के योगायोग, म्हणजे ५८ टक्के शक्यता किंमत लावल्याने फायदा होतो’ असं वाचायचं नाही. ४२ हा आकडा ‘परिणाम नाही’ हे गृहीत धरून काढलेला आहे. त्या गृहीतकाचीच शक्यता तो सांगू शकत नाही.

शून्याचा हिशेब वेगळा. मोठ्या तैलचित्राची किंमत २० जणांनी विचारली, कुणीच घेतलं नाही, म्हणून किंमत उतरवावी का? खरी विक्री-शक्यता प असेल तर वीसही जण परत जाण्याची शक्यता (१−प)चा विसावा घात. ती ५ टक्क्यांपर्यंत उतरते तेव्हा प सुमारे १४ टक्के असतो. म्हणजे दर सात विचारणाऱ्यांत जवळपास एक घेईल अशी स्थिती असूनही वीस नकार लागोपाठ येऊ शकतात. सगळेच नकार आले तर विक्री-शक्यता जास्तीत जास्त किती धरावी याचं झटपट सूत्र: तीन भागिले विचारणाऱ्यांची संख्या. ६० जणांत शून्य आलं तर ही वरची मर्यादा ५ टक्क्यांवर येते, तेव्हा किमतीबद्दल काळजी करावी. मोजताना एकत्र आलेलं कुटुंब एकच धरायचं. पाच जणांनी विचारलं तरी भिंत एकच असते.

याच गणितातून ‘लाल रंग जास्त विकला जातो’ छापाच्या दाव्यांचं मूळ दिसतं. ज्यांचा विक्रीवर काहीच परिणाम नाही असे वीस गुण (रंग, आकार, विषय, सहीची जागा) एकेक करून तपासले आणि ५ टक्क्यांची रेषा धरली, म्हणजे योगायोगाचा आकडा ५ टक्क्यांखाली आला की परिणाम ‘सिद्ध’ मानला, तर त्यांतला निदान एक ‘सिद्ध’ होण्याची शक्यता ६४ टक्के. तो एक छापला जातो, बाकीचे विसरले जातात. वास्तूसाठी सात धावते घोडे हा याचाच धाकटा भाऊ. त्या चित्राला मागणी आहे ही नोंद करण्याजोगी वस्तुस्थिती आहे. घोडे पूर्वेकडे तोंड करून लावले की घरात पैसा येतो याला मात्र कसलाही पुरावा नाही. मागणी आली तर घोडे जरूर काढावेत, पैशाची हमी देऊ नये.

चिठ्ठ्यांच्या प्रयोगाला मर्यादा आहेत. किंमत लावलेलं चित्र शेजारच्या न लावलेल्याचंच गिऱ्हाईक ओढत असेल, तर दोघांतला फरक दिसेल पण एकूण विक्री वाढलेली नसेल. एकूण विक्रीसाठी दालनभर किंमत लावायची की नाही हे सकाळ-संध्याकाळच्या सत्रांगणिक चिठ्ठीने ठरवावं लागतं, आणि तेव्हा घुसळायची ती सत्रं, चित्रं नव्हेत. पाच दिवसांत सत्रं दहाच होतात. एवढ्यात फार मोठा फरक असेल तरच दिसेल.

उपाय एकच: तोच प्रयोग तसाच पुढच्या प्रदर्शनांत करणं आणि आकडे एकत्र करणं. तीन प्रदर्शनांत दर वेळी पाच-दोनच झालं, म्हणजे एकूण १५ विरुद्ध ६, तर योगायोगाचा आकडा ४२वरून सुमारे ६ टक्क्यांवर येतो. मात्र तीन प्रदर्शनं हे आधी ठरवलेलं हवं. दर संध्याकाळी हिशेब करून मनासारखा आकडा दिसला की थांबलं, तर वरचं सगळं गणित फुकट जातं. तसंच किंमत लावलेल्या चित्रांची यादी उद्घाटनाआधी तारीख घालून लिहून ठेवावी. तिसऱ्या दिवशी एखादं चित्र विकलं जात नाही म्हणून कुणी त्याखाली किंमत चिकटवली आणि ते विकलं गेलं, तरी त्याची लाल टिकली मूळच्या, किंमत न लावलेल्या गटातच मोजायची.