पांझानी आणि बारिल्ला: फ्रान्सने पाहिलेली इटली आणि इटलीचं घर

फ्रान्समधल्या दुकानात पास्त्याच्या फळीवर पांझानी आणि बारिल्ला ही नावं हमखास दिसतात. दोन्ही कानाला इटालियन वाटतात आणि दोन्ही संस्थापकांची आडनावं आहेत, त्यामुळे दोन्ही इटलीचेच असा समज सहज होतो. बारिल्ला इटलीचा आहे, पार्मा शहरातला. पांझानी मात्र फ्रान्सचा.

आतल्या मालावरून हा फरक कळणार नाही. सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असा कायदा फ्रान्सने 1934 मध्ये केला, इटलीने 1967 मध्ये. (आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा.) दोघांना वेगळं ओळखायचं तर त्यांच्या जाहिराती पाहाव्यात. माझ्या मते खरी ओळख तिथेच पटते.

पांझानीचं नाव खोटं नाही. जाँ पांझानी, मूळ नाव जिओव्हानी, हा इटालियन वंशाचा माणूस. पश्चिम फ्रान्समधल्या न्योर गावी त्याने 1940 मध्ये पास्ता करायला सुरुवात केली, मग जवळच्या पार्तने इथे कारखाना काढला. आतला माल दिसावा म्हणून त्याने पास्ता पारदर्शक सेलोफेनच्या पिशवीत विकला. पुढे डब्यातला टोमॅटो सॉसही आणला. गिऱ्हाईक फ्रेंच होतं आणि त्याला हवी होती इटलीची चव. त्यामुळे जाहिरातीत इटली दाखवणं भाग होतं.

ती कशी दाखवली याचं उत्तम विश्लेषण रोलां बार्त या फ्रेंच विचारवंताने 1964 मध्ये केलं. त्याने पांझानीची एकच छापील जाहिरात घेतली. लाल पार्श्वभूमीवर बाजारातून नुकतीच आणलेली जाळीची पिशवी अर्धी उघडी पडली आहे. तिच्यातून पास्त्याची पाकिटं, सॉसचा डबा, टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरची, मशरूम बाहेर आले आहेत. खाली मजकूर आहे: पास्ता, सॉस, पार्मेजान (इटालियन चीज), ‘इटालियन पद्धतीचे’. बार्त म्हणतो, हे चित्र ताज्या भाजीचा ताजेपणा डबाबंद मालाला देऊ करतं. पिवळा, हिरवा, लाल हे रंग, टोमॅटो-मिरची आणि ते नाव मिळून एक ‘इटालियनपणा’ उभा राहतो. त्यापुढचं त्याचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हा इटालियनपणा फ्रेंच माणसालाच जाणवतो; खुद्द इटालियन माणसाला त्या नावात किंवा टोमॅटोत काही खास इटालियन दिसणार नाही.

1975 मध्ये पांझानीने टीव्हीवर डॉन पातिलो आणला. काळा झगा घातलेला, पास्त्यावर जीव असलेला हा पाद्री वर बघून देवाशी बोलतो आणि ठासून सांगतो: पास्ता खरा, पण पांझानीचाच! फ्रान्समध्ये हे वाक्य तोंडोतोंडी झालं. डॉन पातिलो घडवला होता डॉन कामिलो या सिनेमातल्या गाजलेल्या पाद्र्यावरून. ते चित्रपट फ्रान्स-इटलीचे संयुक्त, पाद्र्याची भूमिका फर्नांदेल या फ्रेंच नटाची आणि चित्रीकरण पो नदीच्या खोऱ्यातल्या ब्रेशेल्लो गावातलं. हे गाव पार्मापासून फारसं लांब नाही, म्हणजे पांझानीने उसनी घेतलेली इटली जवळपास बारिल्लाच्या अंगणातली होती!

बारिल्लाला हा खटाटोप करायची गरजच नव्हती. पिएत्रो बारिल्लाने 1877 मध्ये पार्मात ब्रेड आणि पास्त्याचं दुकान काढलं. गिऱ्हाईक इटालियनच, त्याला इटालियनपणा काय विकणार? त्याला विकलं ते घर. 1950च्या दशकात एर्बेर्तो कार्बोनी या डिझायनरने केलेल्या जाहिरातींचं वाक्य होतं, बारिल्लाचा पास्ता असला की रोजच रविवार. 1985 पासूनचं घोषवाक्य आणखी थेट: जिथे बारिल्ला, तिथे घर. त्याच्या जाहिरातीतली, शाळेतून येताना भिजलेलं मांजराचं पिल्लू घरी आणणारी लहान मुलगी इटलीत आजही लोकांना आठवते.

त्याच 1985 मध्ये फेडेरिको फेलिनी या नामांकित इटालियन दिग्दर्शकाने बारिल्लासाठी एक जाहिरात केली. उंची हॉटेलात वेटर भारदस्त आवाजात एकामागून एक फ्रेंच पदार्थांची नावं घेतो. समोर बसलेली बाई सगळं ऐकून घेते आणि हळूच एवढंच म्हणते, ‘रिगातोनी’, म्हणजे नळीच्या आकाराचा साधा पास्ता. फ्रेंच कंपनी इटलीचा मोह दाखवत होती, तर इटालियन कंपनीने फ्रेंच डामडौल एका शब्दात बाजूला सारला.

घर विकण्यातली अडचणही बारिल्लाने पाहिली. 2013 मध्ये अध्यक्ष ग्विडो बारिल्ला रेडिओवर म्हणाले की समलिंगी कुटुंब आपण जाहिरातीत दाखवणार नाही. जगभर बहिष्काराची हाक आली आणि त्यांना माफी मागावी लागली. ते बोलणं चूकच होतं. ‘घर’ म्हणताना कुणाचं घर, हा प्रश्न लोकांनी विचारला ते बरं झालं.

मालकीचं म्हणाल तर बारिल्ला 1971 मध्ये अमेरिकी कंपनीकडे गेला, पण कुटुंबाने 1979 मध्ये तो परत घेतला आणि आजही तो त्यांच्याकडेच आहे. पांझानी कुटुंबाच्या हातून केव्हाच सुटला. 2005 मध्ये स्पेनच्या एब्रो या खाद्यपदार्थ कंपनीकडे आणि नंतर एका गुंतवणूक कंपनीकडे गेला.

मात्र परदेशात गेल्यावर बारिल्लाही पांझानीच्याच वाटेने गेला. अमेरिकेतल्या त्याच्या खोक्यावर ‘इटलीचा क्रमांक एकचा पास्ता’ असं लिहिलेलं असतं, सोबत हिरवा, पांढरा, लाल हे इटलीच्या झेंड्याचे रंग. त्यातला बराचसा पास्ता मात्र आयोवातल्या एम्स आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एव्हनच्या कारखान्यांत होतो. आपली दिशाभूल झाली म्हणून दोन ग्राहक कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले, आणि 2022 मध्ये न्यायाधीशांनी तो दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. पास्ता कुठे बनला हे खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते लहान अक्षरांत.